माझ्याच अभिनंदनाच्या बॅनरवर मी कोपऱ्यात

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितेय.

मी बीड जिल्ह्यातली, नेकनूरकडची. सध्या जर्मनीत शिकतेय. इथल्या थंडीची आणि शांततेची अजून सवय होतेय. आज चुलतभावानं गावातल्या चौकात लागलेल्या बॅनरचा फोटो पाठवला. 'परदेशी शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मी खूश होऊन तो माझ्या जर्मन रूममेटला दाखवला. तिनं मधल्या भल्यामोठ्या चेहऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे तुझे वडील?"

अहो, कुठले वडील! ते आमच्या गावचे पुढारी. "पोरीला एवढ्या लांब कावून धाडतो रं?" असं बाबांना चारचौघांत सुनावणारे हेच. बॅनरवर मात्र 'मार्गदर्शक'! खाली त्यांचे कार्यकर्ते, गॉगल लावून. आणि मी कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी.

"मग आई-वडील कुठे आहेत?" तिनं विचारलं.

ते ऊस तोडायला गेलेत. फडाजवळ पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, करून राहतात. त्यांच्या जिवावर मी इथं आले आणि बॅनरवर त्यांनाच टिकलीएवढी जागा नाही?

तणतणत आईला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता तो बॅनर काढायला सांग!"

आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की बाई. त्यांनी काढला की मागून घे म्हनावं तुझ्या चुलतभावाला. आपल्या कोपीवर टाकायला होईल. रातीचं लई गार लागतंय."

माझ्या खोलीत हीटर चालू आहे. तुमच्या गावातल्या बॅनरवर आई-बापाचा फोटो असतो का हो?