गेम येण्याआधीची चित्रं

कोल्हारच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिली मारामारी झाली ती एका ड्रॅगनच्या पंखांवरून. दोघं चुलतभाऊ होते. एकाचं म्हणणं, मासिकात छापलेलं चित्र खुद्द गेममधलं आहे, खेळताना पडद्यावर अगदी असंच दिसणार. दुसऱ्याचं म्हणणं, हे कुणा चित्रकाराकडून हाताने काढून घेतलंय, लोकांना भुलवायला. बोलता बोलता एकाने दुसऱ्याच्या नाकावर बुक्की मारली. मार खाल्लेल्याने लाकडी स्टूल उचलून त्याच्या पाठीत घातलं. कीबोर्डवर रक्ताचे थेंब पडले. क्लास चालवणारे सर ते रुमालाने टिपत म्हणाले, "मारायचं तर बाहेर जा. मशीनवर नको."

ते बाहेर गेले आणि थोड्या वेळाने रस्त्यावरच्या गुऱ्हाळातून उसाचा रस पिऊन एकत्रच परत आले. नाकात कापूस घातलेला आणि पाठ चोळणारा, दोघं पुन्हा त्याच पानावर वाकले.

नव्वदचं दशक तेव्हा निम्म्याहून पुढे गेलं होतं. मी कॉलेजात होतो. वडील साखर कारखान्यात फिटर. आमचं घर गावाच्या कडेला, बौद्ध वस्तीत. या दोघा चुलतभावांची शेती पाटाखाली होती, ऊस आणि जनावरांसाठी घास. त्यांचे वडील सख्खे भाऊ, पण वाटण्या झालेल्या. थोरल्या भावाच्या मुलाला सगळे थोरला म्हणत आणि धाकट्या भावाच्या मुलाला धाकटा, वयाचा तसा संबंध नव्हता. मीही तेच म्हणतो.

सर महिन्यातून एकदा नगरला जात आणि येताना कॉम्प्युटरचं इंग्रजी मासिक आणत. त्यात एका येणाऱ्या गेमची चित्रं छापून येऊ लागली. आपण योद्धा व्हायचं, गाव सोडून निघायचं, वाटेत माणसं भेटणार, राक्षस भेटणार, लढत लढत ताकद वाढवायची, असा तो खेळ. तोवर आम्ही पाहिलेल्या गेममध्ये माणूस म्हणजे चार चौकोन एकमेकांवर ठेवलेले. इथे योद्ध्याच्या चिलखताला गंज चढलेला दिसत होता. एका चित्रात बर्फाने झाकलेला किल्ला होता आणि बर्फात पावलं उमटलेली. बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. धाकटा ते पान उजेडाकडे धरून बघत बसायचा. थोरल्याला बर्फाचं काही नव्हतं. त्याला पाण्याचं चित्र आवडायचं. नदीवर दोरांचा पूल, पुलावर योद्धा, आणि खाली पाण्यात त्याची सावली.

"ही सावली हलंल का?" तो सरांना विचारी.

सर इंग्रजी मजकुरावर बोट फिरवत म्हणत, "हलेल असं लिहिलंय."

"मग आपल्या मशीनवर हलंल का?"

सर पान उलटत.

एका अंकासोबत सीडी आली. तिच्यात त्या गेमची छोटीशी फिल्म होती. आमच्या मशीनवर ती अडखळत चाले, पण चाले. योद्धा एका राक्षसाच्या दंडावर तलवार मारतो, हात तुटून उडतो आणि रक्ताचं लाल कारंजं पडद्यावर पसरतं. तेवढा भाग आम्ही पुन्हा पुन्हा लावला. लाइट गेली की थांबायचं, आली की परत तिथूनच. हात तुटताना धाकटा टाळी वाजवी. मीही हसत होतो. तलवार जोरात लागली तर कारंजं मोठं उडणार का, का कसंही मारलं तरी सारखंच, यावर आम्ही एकदा अख्खी दुपार घालवली.

त्या उन्हाळ्यात दोन्ही घरांत पाटाच्या पाण्यावरून धुसफूस सुरू होती. चारी एकच, म्हणजे पाटातून शेतात येणारा छोटा कालवा एकच. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. पण थोरल्याचा बाप आपली पाळी संपली तरी चारीचं दार बंद करू देत नाही, अशी धाकट्याच्या बापाची तक्रार. दोघं भाऊ बांधावर उभे राहून एकमेकांच्या आईवरून शिव्या देत, आणि आई तर एकच. पोरांवर याचा काही परिणाम दिसत नव्हता. ती क्लासमध्ये शेजारी बसत आणि बापांच्या भांडणाची नक्कल करून दाखवत.

मग नवा अंक आला. त्यात त्या गेमला मधोमध दुहेरी पान दिलं होतं. सरांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "त्या दोघांना दाखवून आण, नाहीतर इथे येऊन फाडतील." मी सायकलच्या कॅरिअरला मासिक लावून त्यांच्या शेताकडे निघालो. ऊन चांगलंच चढलं होतं.

चारीजवळ पोचेपर्यंत आरडाओरडा ऐकू येत होता. थोरल्याच्या बापाच्या हातात फावडं होतं. धाकट्याचा बाप चारीत उतरून माती लोटत पाणी आपल्याकडे वळवत होता. मी सायकल टाकली तेवढ्यात फावड्याचा दांडा त्याच्या डोक्यात बसला. तो पाण्यातच खाली बसला. धाकटा घासातून धावत आला, हातात बाभळीचं दांडकं. त्याने चुलत्याच्या गुडघ्यावर मारलं, मग पडलेल्या चुलत्याच्या बरगड्यांवर. थोरला उसात जनावरांसाठी बांडी, म्हणजे उसाचे शेंडे, कापत होता. बापाला मार बसताना बघून तो कोयत्यासकट धावला.

मला वाटलं, तो कोयता टाकून देईल. त्याने टाकला नाही. त्याने तो वर उचलला, धाकट्याने उजवा हात आडवा धरला, आणि कोयता मनगटाच्या वर बसला.

कारंजं उडालं नाही. आधी कातडी फाकली आणि आत पांढरं दिसलं. क्षणभर नुसतं पांढरं. धाकटा त्याच्याकडे बघत उभा होता. मग रक्त आलं, ते आलंच. थोरल्याने कोयता परत उचलला होता. मी मागून त्याला मिठी मारली. त्याचं कोपर माझ्या तोंडावर आलं आणि पुढचा दात तुटून जिभेवर पडला. मी सोडलं नाही. आम्ही दोघं चारीत कोसळलो. त्याच्या छातीची धडधड माझ्या हातांना लागत होती. तो सारखा म्हणत होता, "सोड मला, सोड," आणि मग एकदम म्हणाला, "त्याचा हात बघ. हात बघ आधी."

मी शर्ट काढून धाकट्याच्या हाताला गच्च बांधला. मासिक चारीत पडलं होतं, पाण्याबरोबर ते खालच्या शेतात गेलं. ऊस न्यायला आलेल्या ट्रॅक्टरवर धाकट्याला आणि त्याच्या बापाला घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. थोरला बांधावरच बसून राहिला. पोलीस आले तेव्हा तो तिथेच होता.

धाकट्याचा हात वाचला, पण शिरा आणि नसा तुटल्या होत्या. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट हलत होतं, बाकीची बोटं आत वळून राहिली. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने पहिलं विचारलं, "नवा अंक आला का?" मी सांगितलं, वाहून गेला. तो चिडला. भावाने मारलं त्याचं नाही, पण अंक वाहून गेला म्हणून तो खरोखर चिडला. पुढच्या खेपेला मी सरांकडून आणखी एक प्रत मागवून नेली. वॉर्डात आजूबाजूला कण्हणारी माणसं, आणि आम्ही त्या दुहेरी पानावर वाकलेलो. एका गुहेच्या तोंडाशी बर्फाचं वादळ, आत शेकोटी, भिंतीवर योद्ध्याची सावली. गेम लांबणीवर पडल्याची बातमीही त्यात होती. दिसण्याचं काम अजून चाललंय, असं बनवणाऱ्यांनी म्हटलं होतं.

"चालू दे," धाकटा म्हणाला. "माजाबी हात बरा व्हायचाय."

माझा जबाब घ्यायचा होता. बांधावर बाहेरचा माणूस मी एकटाच. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कॉलेजातून येत असताना थोरल्याच्या दोन मामांनी मला नदीच्या पुलाच्या अलीकडे गाठलं.

एक म्हणाला, "तू तितं नव्हता."

मी म्हणालो, "होतो."

त्याने कानाखाली मारली. "नव्हता. आमच्या घरातल्या भांडनात तुमच्या लोकांनी तोंड घालायचं न्हाई."

मी पुन्हा म्हणालो, होतो. मग त्यांनी मला झाडीत ओढलं. उसाच्या टिपऱ्याने मारलं, टिपरं मोडलं की नवीन घेतलं. मी डोकं गुडघ्यांत घालून बसलो. लाथ कुशीत बसली की श्वास येईना. मारताना ते मला माझ्या जातीच्या जुन्या नावाने हाका मारत होते, जे नाव आमच्या आजोबांनी छप्पन साली सोडून दिलं होतं. मला मारापेक्षा ते लागलं. ते गेल्यावर मी सायकल ढकलत घरी आलो.

आई जखमा पुसताना वडिलांना म्हणाली, "सांगू दे की, न्हवता म्हणून. त्यांचं ते बघून घेतील."

वडिलांनी माझ्या पाठीवरचे वळ बघितले. मग मला म्हणाले, "तू काय बघितलंस?"

मी सांगितलं.

"मग तेच सांग. मी येतो सोबत."

दुसऱ्या दिवशी वडील कारखान्याची पाळी सोडून माझ्याबरोबर ठाण्यात आले. फौजदारासमोर मी पाहिलं ते सगळं सांगितलं. धाकट्याने चुलत्याला मारलं तेही सांगितलं. पाठीवरचे वळ दाखवले, पण मामांनी मारलं याला साक्षीदार कुणी नव्हता आणि ते प्रकरण तिथेच राहिलं.

थोरला काही महिने आत होता, मग जामिनावर सुटला. तो क्लासकडे फिरकत नव्हता. धाकटा मात्र रोज येऊन डाव्या हाताने माउस चालवायला शिकत होता. चुकला की वळलेल्या उजव्या हाताने टेबलावर ठोसा मारायचा, मग दुखलं म्हणून शिव्या द्यायचा. मासिकातली चित्रं येतच होती. प्रत्येक खेपेला जास्त चांगली. सरांनी ती कापून भिंतीवर चिकटवली होती. आता ड्रॅगनच्या पंखांतल्या शिरासुद्धा दिसत होत्या, आणि धाकटा नव्या पोरांना सांगायचा, हे सगळं गेममधलंच आहे, काढलेलं नाही. ज्याच्याशी यावर वाद घालायचा तो आता शेजारी नव्हता.

अखेर गेम आला. सर मुंबईहून सीडी घेऊन आले. सकाळपासून आम्ही जमलो होतो. सरांनी सीडी घातली, आणि गेम मशीनवर चढायला पुष्कळ वेळ लागला. त्याच वेळी दारात थोरला येऊन उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. वाळला होता. चपला काढून तो उंबऱ्याच्या आत, भिंतीशी थांबला.

धाकटा उठला. त्याने डाव्या हाताने स्टूल उचललं आणि थोरल्याच्या खांद्यावर घातलं. मग तोंडावर. मग परत खांद्यावर. थोरल्याने हात वर केले नाहीत. त्याची भुवई फाटली, ओठ फाटला, तो भिंतीला टेकत खाली आला. भिंतीवरचं एक चित्र त्याच्या डोक्याने फाटून खाली लोंबलं. सर पुढे सरकले, मी त्यांचा दंड धरला. मी का धरला, सांगता येत नाही. धाकट्याच्या हातातून स्टूल गळून पडलं तेव्हा तो धापा टाकत होता. त्याने थोरल्याच्या पोटात एक लाथ मारली, ती जोराची नव्हती.

"झालं?" थोरला म्हणाला.

"झालं," धाकटा म्हणाला, आणि खुर्चीवर जाऊन बसला. "सर, चालू करा."

थोरल्याने बाहेरच्या माठातल्या पाण्याने तोंड धुतलं आणि ओठाला रुमाल दाबून मागे येऊन बसला. गेम सुरू झाला. आमच्या मशीनला तो झेपत नव्हता. सरांनी सावल्या बंद केल्या, धुकं बंद केलं, तेव्हा कुठे योद्धा चालू लागला. ड्रॅगनचे पंख म्हणजे दोन करडे त्रिकोण होते. नदीचं पाणी निळ्या पत्र्यासारखं सपाट, त्यात सावली नव्हतीच. मागून थोरला रुमालातून बोलला, "मी म्हनलो व्हतो, भुलवायला काढलंय." पण पुढे बर्फ पडायला लागला. ठिपकेच होते, पांढरे, तिरपे पडणारे. ते बरे दिसत होते. लाइट जाईपर्यंत आम्ही बर्फातच फिरलो.

तालुक्याच्या कोर्टात केस उभी राहिली तेव्हा दशक संपत आलं होतं. माझी साक्ष आधी झाली. मी ठाण्यात सांगितलं तेच सांगितलं. मग धाकटा पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, झटापटीत मी स्वतःच कोयत्यावर पडलो, मला कुणी मारलं नाही. सरकारी वकिलांनी फितूर म्हणून त्याची उलटतपासणी घेतली, तो हलला नाही. थोरला सुटला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी धाकट्याला गाठलं. "मी खोटं बोललो का रे आत?"

"न्हाई. तू खरंच सांगितलं," तो म्हणाला. "पन माजं त्याला मारून झालं व्हतं. आनि कोर्टानं त्याला परत मारायचं व्हय?"

"आणि मला मारलं, त्यांचं काय? त्यांना कोण मारणार?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मामा समोर चहाच्या टपरीवर उभे होते, थोरल्याच्या बापाशी हसत बोलत होते. धाकट्याने वळलेला हात खिशात घातला. "ते मला सुचलंच न्हाई," तो म्हणाला.

मी त्याच्या कानाखाली मारली. तो हलला नाही. मी एसटी स्टँडकडे चालायला लागलो आणि तो माझ्या मागे, थोडं अंतर ठेवून, स्टँडपर्यंत आला. गाडी लागली. मी पुढच्या दाराने चढलो, तो मागच्या. कोल्हार येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि त्यानंतरही बरेच दिवस नाही.