डबीच्या मागचं न वाचलेलं

चूक माझी होती आणि आरोप मी आईवर केला.

पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात मी येणारा माल तपासतो. ड्रमवरचं लेबल वाचल्याशिवाय सही करत नाही. पण आईला थकवा वाटतो म्हणून मल्टिव्हिटॅमिनची डबी आणली, तेव्हा 'रोज एक गोळी' एवढंच वाचलं. हे काही औषध नाही असं वाटलं, म्हणून डॉक्टरांनाही विचारलं नाही.

आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. तिथं गुठळी होऊ नये म्हणून ती रक्त पातळ ठेवायची गोळी घेते आणि दर महिन्याला रक्त तपासून घेते. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के त्या गोळीचा जोर कमी करतं. 'भाजी रोज साधारण सारखीच खा', असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी घाबरून पालेभाजीच बंद केली. आमच्या बांधावरचा चाकवत शेजारी जाऊ लागला.

पुढच्या तपासणीत रक्त हवं तितकं पातळ नव्हतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. त्याआधी आठवडाभर आई कासारसाईला माझ्या धाकट्या बहिणीकडे राहिली होती. बहीण घरी आली, तेव्हा तिच्यासमोरच मी आईला विचारलं, "तितं काय खाल्लंस?"

"पिठलं-भाकरी. भाजी न्हाई खाल्ली."

"मग रिपोर्ट खोटा हाय का?"

बहीण म्हणाली, "दादा, मी शेपू केला व्हता, पर आईनं हात बी लावला न्हाई."

"तू तिची बाजू घेऊ नकोस."

आई उठली. "कंपनीतला माल तपासतुयास ना, तसं माझं तोंड बी उघडून बघ."

बहिणीचे फोन थांबले. आई चहाचा कप उचलायची तेव्हा मी तिच्या हाताकडे बघत बसायचो. ती एखादा शब्द अडखळून बोलली, की गुठळी मेंदूत गेली असं वाटून मी तिला तोच शब्द पुन्हा बोलायला लावायचो. गोळ्या मात्र रोज मीच तिच्या हातावर ठेवत होतो, दोन्ही.

पुढचा रिपोर्टही तसाच आला. सगळ्या गोळ्या घेऊन या, असा दवाखान्यातून निरोप आला. नंबर यायची वाट बघत बसलो असताना मी ती डबी पहिल्यांदा उलटी केली. ए, डी, बी-ट्वेल्व. काहींच्या पुढे रोजच्या गरजेच्या कितीतरी पट मात्रा होती, आणि जास्त म्हणजे चांगलं असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. खालून चौथ्या ओळीत होतं, व्हिटॅमिन के, पंचावन्न मायक्रोग्रॅम.

"काय वाचतुयास?" आईनं विचारलं.

"काय न्हाई." मी डबी पुन्हा पिशवीत टाकली.

डॉक्टर म्हणाले, भाजी पूर्ण बंद असल्यामुळे एवढ्याशा मात्रेचाही परिणाम झाला असावा. आता ही डबी थांबवायची, पण रक्त पातळ करायची गोळी आपण वाढवलेली आहे. ती तशीच ठेवली तर रक्तस्राव व्हायचा. त्यांनी गोळी पुन्हा कमी केली आणि चार दिवसांनी रक्त तपासायला बोलावलं. ते चार दिवस मी आईच्या हिरड्या आणि अंगावरचे डाग बघत काढले. मग रिपोर्टमधला आकडा जागेवर आला.

त्या रविवारी आईला घेऊन कासारसाईला गेलो. बहिणीनं पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी दोघींच्या समोर खाली बसलो.

"आई, तू भाजी खाल्ली नव्हतीस. त्या दुसऱ्या गोळीत तेच व्हतं आन् मी न वाचता तुला देत व्हतो. हिच्यासमोर तुला खोटं ठरवलं. कळल्यावर बी गप बसलो. मला माफ कर. बाय, तू बी."