गैरहजर मन्नूबिया

ऐन-नारंज गावात मन्नूबियाच्या नाकाचा दरारा होता. कडू संत्र्याची फुलं आज सकाळी खुडलीत की काल दुपारी, हे ती पोत्याचं तोंड सोडताच सांगे आणि शिळ्या फुलांची गाडी परत पाठवे. फुलांचा अर्क काढायचा तो छोटा कारखाना तिघांचा, सारख्या हिश्शांचा: मन्नूबिया, तिचा धाकटा दीर शादली आणि नणंद बाया. नवऱ्याने हयातीतच आपला हिस्सा बायकोच्या नावावर केला होता. तो गेल्यावर कारभार ती आणि शादली मिळून बघत.

हिवाळ्यात भट्ट्या बंद असतात. मार्चमध्ये पहिली फुलं आली तशी मन्नूबिया कारखान्यावर गेली, तर पहारेकरी फाटकात आडवा उभा राहिला. शादली कागद घेऊन बाहेर आला.

"वहिनी, तुम्हाला कारभारातून काढलंय. भागीदारांच्या बैठकीत ठरलं, कोर्टानंही मान्य केलं."

"कधी ठरलं? मला कुणी सांगितलं?"

"नोटीस पाठवली होती. समन्सही. तुम्ही आला नाहीत."

ती तशीच कोर्टात गेली. कारकुनाने फाइल उघडून बेलीफचा जानेवारीतला शेरा वाचून दाखवला: घर बंद आढळले, समन्स दारावर चिकटवले. पत्ता जुन्या घराचा होता.

"अहो, ते घर पाडून दोन वर्षं झाली! तिथं आता गाड्या लावतात. दार कुठून आणलं यानं?"

"कागदावर दार आहे, बाई. आणि तुम्ही गैरहजर आहात."

"ही काय तुमच्यासमोर उभी आहे!"

"आज आहात. तेव्हा नव्हतात."

मन्नूबियाचं डोकं फिरलं. ती राहायची तिथून दोन गल्ल्यांवर. शादली दर शुक्रवारी तिच्याकडे कुसकुस चापायला यायचा, जानेवारीतही आला होता. "जेवायला माझं घर बरोबर सापडतं मेल्याला," ती वकिलाला म्हणाली, "नोटीस द्यायला तेवढं सापडत नाही!"

वकील नौफल शांत माणूस. "आपला मुद्दा एकच ठेवायचा. तुमचं न ऐकता निकाल दिला."

"आणि फुलांचं? गाड्या परत पाठवते म्हणूनच काढलं ना मला? मी कुठल्या पाठवल्या, का पाठवल्या?"

"कोर्टात फुलांचं नाव काढू नका."

इथंच तिचा खरा जळफळाट होई. सांगायचं होतं ते फुलांचं, आणि भांडायचं होतं पत्त्यावरून. पहिल्या तारखेला न्यायाधीशांची बदली झालेली. दुसरीला कर्मचाऱ्यांचा संप. तिसरीला फाइल भलत्याच गावी गेलेली. तोवर हंगाम सरला. कारखान्याकडून येणाऱ्या वासावरून तिला अंगणात बसल्या बसल्या कळे, आज आच जास्त झाली, अर्क करपला. सांगणार कुणाला?

चौदा महिन्यांनी नव्या न्यायाधीश बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय?" इतके दिवस पाठ केलेलं फुलांचं सगळं तिने बाजूला ठेवलं.

"बाई, मला आधी बोलवायला हवं होतं. एवढंच."

न्यायाधीशांनी माणूस पाठवून जुन्या घराची जागा पाहून घेतली आणि निकाल रद्द केला. "तुम्ही बरोबर की चूक, हे मी ठरवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते ठरताना तुम्ही समोर असायला हव्या होतात. बैठक पुन्हा घ्या."

"म्हणजे आपण जिंकलो की नाही?" बाहेर येताच मन्नूबियाने विचारलं.

"बैठक पुन्हा होणार."

"पुन्हा! अरे देवा!"

या वेळी नोटीस थेट तिच्या हातात आली. बैठकीत शादलीने तोफ डागली: वहिनी मनाला येईल तशा गाड्या परत पाठवतात, बागायतदार दुखावतात.

"कुठल्या गाड्या, ते सांग ना," मन्नूबिया म्हणाली. तो सांगेना, मग तिनेच सांगितलं. फुलं ओल्या पोत्यांखाली दडपून आणलेली, आंबलेली. अशा पाच गाड्या, आणि पाचही शादलीच्या मेहुण्याच्या.

बाया भावाकडे बघतच राहिली. "हे मला का नाही सांगितलंस? मी सही केली तुझ्या शब्दावर."

"तू विचारलं नाहीस."

"वहिनीलाही विचारलं नाही, ते चुकलं माझं." बायाने मत वहिनीच्या बाजूने दिलं. मन्नूबियाच्या चेहऱ्यावर समाधान पसरतंय तोच बाया पुढे म्हणाली, "पण वहिनी, तूही लोकांना तोंड उघडू देत नाहीस. यापुढे गाडी परत पाठवायची तर आधी गाडीवाल्याचं ऐकायचं आणि कारण लिहून द्यायचं."

"फुलांचा वास घेऊ की त्यांच्या कहाण्या ऐकू?"

"दोन्ही."

ठराव झाला. शादली सही करून निघून गेला आणि त्या शुक्रवारी जेवायला आला नाही.

पुढच्या हंगामात पहिल्याच आठवड्यात एक बागायतदार शिळी फुलं घेऊन आला. खेचर लंगडलं, पुलावर खोळंबा झाला, बायकोला ताप आला, असं सगळं त्याने अर्धा तास सांगितलं. मन्नूबियाने ओठ घट्ट मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग कागद मागवला, स्वच्छ अक्षरात कारण लिहिलं, त्याला वाचून दाखवलं आणि गाडी परत पाठवली.