अण्णांचं नववं कलम

आमच्या विद्यापीठाच्या करार विभागातले अण्णा स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी अटी वाचायला मागतील आणि मागे कितीही रांग लागली तरी घाईनं सही करणार नाहीत. सरकारी खात्याशी होणारा प्रत्येक करार त्यांच्या टेबलावरून जायचा. जायचा कसला, तिथंच मुक्कामाला बसायचा. दर खात्याचा मसुदा निराळा, कुणाचा कन्नडात, कुणाचा इंग्रजीत, आणि अण्णा तो मराठी करून मोठ्यानं वाचणार. ऐकायला समोर मी, कराराची वाट बघणारा संशोधक, घड्याळाकडे बघत. निपाणीकडच्या आपल्या गावाहून, बोरगावहून, येऊन पिशवी खुंटीला लावताना त्यांचं वाक्य ठरलेलं, "सगळ्या खात्यांस्नी मिळून एकच नमुना पायजे रं!" त्यासाठी त्यांनी बेंगळुरूला सरकारकडे किती पत्रं धाडली, देव जाणे.

घरीदारी तेच. खडेबाजारात छत्री घेतली, तर काडी मोडल्यास कुणी बघायचं हे दुकानदाराकडून पावतीमागं लिहून घेतलं. पुतणीच्या लग्नाच्या याद्या करायला मंडळी बसली. मांडव कुणाचा, जेवण कुणाचं, एवढं लिहून लोक उठतात. अण्णांनी नवरदेव रुसला तर समजूत कुणी घालायची तेही लिहायला लावलं. व्याही दोनदा चपला घालून निघाले होते. "याद्या नीट झाल्या की नांदणं सोपं," अण्णा म्हणाले.

माझ्या डोक्याला खरा ताप दिला तो नवव्या कलमानं. एका सरकारी खात्यासाठी मला निपाणीकडच्या गावांतल्या विहिरींचं पाणी तपासायचं होतं, आणि तेही विहिरी आटायच्या आत. खात्याच्या मसुद्यात नववं कलम असं की, निकाल परवानगीशिवाय कुणालाही सांगू नये. अण्णा त्यावर लाल रेघ मारून कागद परत धाडायचे, खातं कलम घालून पुन्हा पाठवायचं.

"अण्णा, विहिरी आटल्या की!" मी ओरडलो.

"आटू देत. पाणी ज्याच्या हिरीतलं, त्येला आधी सांगाय पायजे."

तो उन्हाळा फुकट गेला. खोटं कशाला बोलू, मी त्यांच्या निवृत्तीचे दिवस मोजत होतो.

ते निवृत्त झाले, आणि नशीब बघा, पुढच्याच वर्षी एकच नमुना आला! दोन पानं. रिकाम्या जागा भरा, सही करा. चार दिवसांत माझा करार झाला. नववं कलम जसंच्या तसं होतं, आणि मी ते वाचूनही गप्प बसलो.

परवा अण्णांचा फोन आला. "नमुना आला म्हणं! लई ब्येस झालं." आवाजात आनंद मावत नव्हता. मग म्हणाले, "तुझी माणसं आमच्या हिरीचं पाणी घेऊन गेलती न्हवं? नातीला द्यावं का रं ते?"

त्यांच्या विहिरीचा निकाल माझ्यासमोरच होता. अहवाल खात्यात जाऊन तीन महिने झाले होते, परवानगीचा पत्ता नव्हता.

"देऊ नका, अण्णा."

अण्णा हळूच म्हणाले, "करार मोडलास की रं."

"व्हय, अण्णा."

"मोडलासच, तर बाकीच्या गावांस्नीबी सांग."

मी गावांची यादी पुढ्यात ओढली. पहिला फोन लावताना वाटलं, अण्णांनी पुन्हा समोर बसावं आणि सगळा करार पहिल्या कलमापासून मोठ्यानं वाचावा. मी एकदाही घड्याळाकडे बघणार नाही.