श्री. व सौ., मुक्काम मांडवी

उत्साह नावाची वस्तू देवाने सबंध रत्नागिरी जिल्ह्यासाठी एकाच पार्सलातून पाठवली असावी, आणि ते पार्सल मांडवीला उतरवून घेताना आमच्या समोरच्या पोस्टमास्तरांनी सही करून परस्पर स्वतःच्याच घरात ठेवून घेतलं असावं, असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या जिल्ह्याच्या वाट्याला मग दुपारची झोप आली. मास्तरांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सकाळी सातला फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी ताजं सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. सांगण्यासारखं काही नसलं तर भरतीची वेळ सांगत. बोलू लागले की त्यांचे हात बोलत, भुवया बोलत, आणि या सगळ्या हालचालीत लुंगीची गाठ टिकेल ना, या काळजीत ऐकणारा निम्मं ऐकतच नसे. त्यामुळे गेल्या वर्षीच्या मे महिन्यात भर दुपारी ते जाड लोकरी स्वेटर, गळपट्टा आणि माकडटोपी अशा थाटात माझ्या पडवीत येऊन बसले तेव्हा मी काही न विचारता पंखा वाढवला. "बंद कर गो बाय तो पंखा," ते घाम पुसत म्हणाले, "सराव चाललाय. आम्ही स्कॉटलंडला चाललो राहायला. कायमचे."

मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मूळच्या तिथल्याच. दाभोळच्या खाडीत खडकांना चिकटलेली शिंपल्यातली कालवं कशी वाढतात याचा अभ्यास करायला म्हणून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि मास्तर तेव्हा दाभोळच्या पोस्टात होते. कालवांचे नमुने बरणीत भरून काकू ते मायदेशी पाठवायला गेल्या. मास्तरांनी पार्सल परत केलं, कारण फॉर्म अपुरा होता. दुसऱ्या दिवशी शाई निळी होती, काळी हवी होती. तिसऱ्या दिवशी लाखेचं सील वाकडं होतं. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी काकूंनी बरणी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, की दोष पार्सलात आहे की मी रोज इथे यावं अशी तुमची इच्छा आहे? मास्तरांनी खरं काय ते सांगितलं. त्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. काकू पुढे रत्नागिरीतच शिकवायला लागल्या आणि निवृत्तही इथेच झाल्या. माहेरी म्हणून त्या एकदाही गेल्या नाहीत, त्यांची थोरली बहीणच दर दोन वर्षांनी इकडे येई. एकतीस वर्षांत हे नवराबायको एक दिवसही वेगळे राहिलेले नाहीत. मास्तर कितीही उसळले तरी काकूंचा शब्द एकच, "बरं, मग?" आणि तो इतक्या अस्सल रत्नागिरी हेलात, की डोळे मिटून ऐकलं तर संगमेश्वराकडचीच कोणी बाई बोलतेय असं वाटावं.

पोस्टाबद्दल मास्तरांचं वेड मात्र आळीला चांगलंच भोवलं होतं. कुरियर हा त्यांचा जन्माचा वैरी. कुरियरवाल्याला ते फाटकाच्या आत पाऊल टाकू देत नसत, म्हणून त्यांच्या घरच्या वस्तू माझ्याकडे पडून असायच्या आणि काकू गुपचूप येऊन घेऊन जायच्या. त्याहून मोठी पंचाईत आमंत्रणांची. आपल्याकडे लग्नाची पत्रिका घरी जाऊन, अक्षता देऊन द्यायची असते. शेजाऱ्याला पोस्टाने पाठवली तर बोलणं बंद झालंय असा अर्थ होतो. मास्तरांचं उलटं. हातात दिलेली पत्रिका ते उघडतच नसत. "हातातून आलेला कागद म्हणजे चिठ्ठी," ते म्हणत, "शिक्का बसला की तो टपाल होतो." तेव्हा लोक काकूंना हळदीकुंकू लावून तोंडी आमंत्रण करत, आणि मग तिकीट लावून, पत्ता घालून मास्तरांच्या पेटीत पडेल अशी वेगळी पत्रिका पोस्टात टाकत. मी समोर राहते, अंतर असेल वीस पावलं, पण माझ्या मुलाच्या मुंजीची पत्रिकासुद्धा गावभर फिरून त्यांच्याकडे तिसऱ्या दिवशी पोचली. मास्तर मुंजीला आले ते पत्रिका वेळेत मिळाल्याचं सांगतच.

तर स्कॉटलंड. काकूंच्या बहिणीची नजर गेल्या वर्षी जवळजवळ गेली. समुद्रकाठच्या एका लहानशा गावात ती एकटी राहते. काकूंनी फार काही बोलून दाखवलं नाही, दिवाळी झाली की मी जाणार, एवढंच सांगितलं. त्यावर मास्तरांनी त्याच संध्याकाळी स्वेटर खरेदी केला. तिथे राहायचं तर बायकोने नवऱ्याला स्पॉन्सर करावं लागतं हे कळल्यावर तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. "एवढी वर्षं क्रिकेटच्या टीमलाच स्पॉन्सर असतो असं वाटायचं. आता मलापण आहे," हे त्यांनी जेट्टीपासून बाजारापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. तिथल्या गावच्या पोस्टमास्तरांना त्यांनी स्वतःची ओळख करून देणारं चार पानी पत्र पाठवलं, आणि रोज काय वाटप होतं, टपालाची पिशवी किती वाजता बंद होते, अशी माहिती मागवली. इंग्रजी बोलता येतं याची परीक्षा द्यायला काकूंना बरोबर घेऊन मुंबईला गेले. राहत्या गावाबद्दल दोन वाक्यं सांगा म्हटल्यावर यांनी मांडवीची जेट्टी, भगवती बंदर, तिथली हवा, असं सगळं इतकं सांगितलं की परीक्षक बाईंना हात वर करून थांबवावं लागलं. पास झाले, पण येताना हिरमुसलेले होते. "बाईला आंब्याची पेटी पाठवणार होतो. पत्ताच देईना."

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग कागदपत्रं बघणाऱ्या मुंबईच्या वकीलबाईंचा फोन आला. लग्नाचा दाखला ठीक होता, पण दोघं खरोखर एका घरात राहतात याचा पुरावा हवा होता; म्हणजे दोघांच्या नावाने एकाच पत्त्यावर आलेलं टपाल, लाइट बिल, घरपट्टी, असं काहीही, निरनिराळ्या ठिकाणांहून आणि निरनिराळ्या वर्षांतलं. मास्तर हसतच कपाटाकडे गेले. लाइट बिल काढलं, ते त्यांच्या आजोबांच्या नावावर. घरपट्टी वडिलांच्या. पाणीपट्टी थोरल्या चुलत्यांच्या आणि गॅस आत्याच्या. आपल्याकडे माणूस जातो, पण बिलावरचं नाव बदलायला कोणी जात नाही. आमच्या घरीही तेच आहे. कागदोपत्री मास्तरांच्या घरात चार माणसं राहत होती आणि चौघंही वैकुंठवासी. आधारकार्डं होती, पण ज्याचं त्याचं. बँकेचं पुस्तक काकूंचं एकटीचं, पोस्टाचं मास्तरांचं एकट्याचं. ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याला टपाल वाटलं, त्याच्याकडे स्वतःच्या बायकोच्या नावाशेजारी स्वतःचं नाव असलेला एक लिफाफा नव्हता. एकमेकांना लिहिलेली पत्रं चालतील का, असं मी विचारलं. मास्तरांनी कपाट लावून टाकलं. "पत्र कधी लिहू गो? ती कुठे गेलीच नाय कधी."

त्यानंतरचे चार दिवस मास्तर सकाळी फाटकाशी दिसले नाहीत. भरती कधी आहे ते मला मोबाइलवर बघावं लागलं. पाचव्या दिवशी मीच गेले तर ते पडवीत बसलेले, स्वेटर मांडीवर घडी करून ठेवलेला. बोलले तेही हळू, आणि मास्तरांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी समजलं. "ती एकटी गेली तर जाईल. ती जाईलच, बहीण आहे तिची. पण ती माझ्या गावात एकतीस वर्षं राहिली, कधी एक अक्षर बोलली नाय. आता माझी पाळी आली तर मला आत घेत नाहीत." काकू आतून कोयती धुऊन पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "किती रडायचं ते रडून झालं असेल तर माळ्यावरचा डबा काढून द्या. माझा हात पोचत नाही."

बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता तो, आणि त्याच्या मागे आणखी दोन. तिन्हींत पत्रिका. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या, सत्यनारायणाच्या. तीस वर्षांच्या, पाकिटासकट. प्रत्येक पाकिटावर 'श्री. व सौ.', खाली दोघांचं नाव, खाली हाच पत्ता, आणि मास्तरांच्या हट्टापायी प्रत्येकावर तिकीट आणि तारखेचा शिक्का. त्यातल्या बऱ्याच शिक्क्यांवर तर मास्तरांचाच हात फिरलेला. मी म्हटलं, काकू, एवढ्या जपून कशाला ठेवल्या? त्या पाकिटं तारखेप्रमाणे लावत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आळीत मी आले तेव्हा सगळे मला मडम म्हणायचे. वर्षभर. मग कोपऱ्यावरच्यांच्या मुलीच्या लग्नाची ही पत्रिका आली. त्यावर मी होते. मला वाटलं, बरं, आता आपण इथल्या झालो. मग पुढची टाकवली नाही." मास्तर खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले, आणि शेवटी काहीच करायचं न सुचल्यामुळे त्यांनी स्वेटर घातला.

भाषांतर माझ्याकडे आलं, कारण शाळेत इंग्रजी शिकवण्याचं पाप मी तीस वर्षं करतेय. वकीलबाई म्हणाल्या, सहा-सात पत्रिका पुरेत. मास्तर म्हणाले, सगळ्या द्यायच्या, कुठल्याही यजमानाला वाईट वाटता कामा नये. शेवटी त्रेचाळीसवर तडजोड झाली आणि माझे श्रावणातले सगळे रविवार त्यात गेले. 'कुलस्वामिनीच्या कृपेने' हे एक वेळ इंग्रजीत जातं, पण 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' हे तीन वर्षांच्या चिरंजीवांचं निमंत्रण परक्या सरकारला कसं कळवायचं? शिवाय प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यातला लाल-पिवळा डाग हा डाग नसून शुभ आहे, अशी तळटीप मी त्रेचाळीस वेळा घातली. 'सौ.'पाशी अडले तेव्हा मी अर्थ फोड करून लिहिला, की जिचा नवरा हयात आहे अशी भाग्यवान स्त्री. मास्तरांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे मी जिवंत आहे हीच तिची पदवी काय?" "तेवढं एक काम तुम्हाला जमलंय," काकू म्हणाल्या, "तेच चालू ठेवा."

दिवाळी आली, काकूंच्या बॅगा भरून झाल्या, आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मास्तरांच्या फाटकाशी कुरियरवाला उभा राहिला. सवयीने तो माझ्याच घराकडे वळला, पण पाकिटावर 'पासपोर्ट' असं छापलेलं मास्तरांना लांबूनच दिसलं. मास्तर पायऱ्या उतरून असे धावत आले की लुंगी सावरायला माझाच हात पुढे झाला. व्हिसा मिळाला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुरियरवाला मास्तरांच्या पडवीत बसला, दोन पेले कोकम सरबत प्यायला, आणि पाकिटावर शिक्का नसला तरी काम चोख आहे, असं प्रशस्तिपत्रक घेऊन गेला. पुढचे आठ दिवस मास्तर फाटकाशी सकाळी सहालाच हजर होते. निघायच्या दिवशी अख्खी आळी जमली. काकू सगळ्यांना मिठी मारत फिरल्या आणि रडल्या. मास्तर फक्त उकडतंय म्हणत राहिले, कारण त्यांनी स्वेटर घरापासूनच चढवला होता.

त्यालाही आता वर्ष होत आलं. मास्तरांचा दर रविवारी फोन येतो. तिथलं पोस्ट म्हणजे वाणसामानाच्या दुकानातला एक कोपरा आहे, तो एक बाई सांभाळतात, त्यांनी ते चार पानी पत्र भिंतीला लावून ठेवलंय, आणि मास्तर रोज सकाळी तिथे जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला भरतीची वेळ सांगतात. मध्यंतरी मात्र फोनवर आवाज जरा खाली होता. पुढे व्हिसा वाढवून घ्यायचा तर पुन्हा दोघांच्या नावाचं टपाल दाखवायला लागणार. "आणि इथंपण आपल्यासारखंच आहे गो. हिचा बाप जाऊन वीस वर्षं झाली, लाइट बिल अजून त्यालाच येतं." मी आळीत सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे बारसं असो, पूजा असो, नव्या रिक्षाला नारळ फोडायचा असो, एक आमंत्रण पोस्टाने स्कॉटलंडला जातं. प्रत्येकाची पोच येते, दोघांच्या सहीची.

परवा माझ्या भाच्याच्या लग्नाच्या पत्रिका लिहायला बसले. पहिलं पाकीट त्यांचंच घेतलं. कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, 'श्री. व सौ.' लिहिलं, खाली तो जीभ अडखळवणारा पत्ता. समोरची पडवी माझ्या खिडकीतून दिसते. तिथे आता कोणी नसतं, आणि वीस पावलांवरच्या घरी पत्रिका पोस्टाने पाठवताना मी किती वैतागायची ते आठवून हसू आलं, आणि अर्ध्यावरच राहिलं. हा कागद पुराव्यासाठी आहे, लग्नाला तिथून कोणी येत नसतं, एवढं मलाही कळतं. पण पत्रिकेच्या तळाशी 'अगत्य येण्याचे करावे' असं छापलेलं असतं. त्रेचाळीस पत्रिकांचं भाषांतर केलं, तरी ती ओळ मी कधी मनापासून वाचली नव्हती. या खेपेला तिच्याखाली पेनाने एक रेघ ओढली आणि पाकीट चिकटवलं.