वाण्यावर पडलेला कौल

आमच्या गावच्या देवीच्या उत्सवाची स्मरणिका निघणार आहे. ती काढणारी मुलं माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही आता गावातले सगळ्यांत जुने. लहानपणीच्या खाऊवर दोन पानं द्या. असलं लोक आवडीनं वाचतात."

मी दोन पानं लिहिली. वाण्याच्या दुकानातल्या पाच बरण्या लिहिल्या. पहिलीत लिमलेटच्या गोळ्या, संत्र्याच्या फोडीसारख्या, चोखून चोखून टाळू सोलून निघायची. दुसरीत बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. मग रेवड्या, बत्तासे, आणि शेवटच्या बरणीत वाण्याच्या बायकोनं घरी केलेली गूळ-शेंगदाण्याची चिक्की. ती फोडायला वाण्याकडे एक लहान लोखंडी हातोडी होती आणि तिचा आवाज आला की शाळेतनं आमचं लक्ष उडायचं. लिहिताना माझ्या तोंडाला खरोखर पाणी सुटलं. वाचून पाहिलं आणि दोन्ही पानं फाडली. त्या दुकानाचं पुढं काय झालं, ते त्यात नव्हतं.

गावात अजूनही सांगतात की वाण्यानं चौकीत चुगली केली, तांडेलाला धरून दिलं आणि देवीनं कौल देऊन वाण्याला उघडं पाडलं. माझ्या नातवंडांनासुद्धा ही गोष्ट ठाऊक आहे. चुगली मी केली होती.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी दहा वर्षांचा होतो. आमची वस्ती आगरदांड्यापासून चालत अर्ध्या तासावर, सगळी कोळ्यांची घरं. माझा बाप ज्या मचव्यावर खलाशी होता त्याच्या तांडेलाचा, म्हणजे मचव्यावरच्या प्रमुखाचा, मुलगा माझा जिवाभावाचा सोबती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी त्यानं मला त्यांच्या घरामागं नेलं आणि कनवटीतून चांदीच्या कागदात गुंडाळलेली वडी काढली. उन्हानं ती मऊ झाली होती.

"इलायती चाकलेट हाय," तो म्हणाला. "कुनाला सांगशील तर बघ."

मी जिभेवर ठेवलं. आधी कडवट लागलं, मग असं गोड की मी डोळे मिटले. आमच्याकडची गोड वस्तू म्हणजे गूळ, नाहीतर गुळाचं काहीतरी. हे लोण्यासारखं वितळत होतं. मी म्हणालो, "आनखी दे." तो म्हणाला, "डबा भाताच्या कणगीत हाय, तळाला. घड्याळं पन हायेत. बा मारंल." कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची मोठी कोठी. तेव्हा खोल समुद्रात दुसऱ्या गलबतावरून पेट्या उतरवून घ्यायचं काम आमच्याकडचे काही मचवे करत. मोठी माणसं त्यावर बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

वडी संपली, पण कागद मी टाकला नाही. नखानं सपाट केला, दुमडून अंगठी केली आणि बोटात घालून दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानावर गेलो. बाकावर चौकीतला शिपाई बसला होता. तो घाटावरचा. रोज तिथं बसून पान खायचा आणि पोरांची टर उडवायचा.

"काय राजे, लगीन झालं वाटतं? अंगठी कुणी घातली?"

मी हात मागं घेतला.

"दाखव तरी. अरे, हा तर गोळीचा कागद! शेठ, तुमच्या गोळीचा कागद घालून हा नवरदेव हिंडतोय."

बाकी पोरं हसली आणि "नवरदेव, नवरदेव" ओरडत पळाली. मला ते सहन झालं नाही.

"गोळीचा न्हाय! इलायती हाय!"

वाणी आतून घाईनं पुढं आला. "सायेब, पोरगं हाय, कायबी बडबडतं. जा रं घरी, तुझी आई हाका मारते." असं म्हणत त्यानं मला हातानं ढकललंसुद्धा.

पण शिपाई हसत होता. "इलायती? तुझ्या बापानं तरी बघितलंय का इलायती?"

"तांडेलाच्या घरात डबा हाय. कणगीत, तळाला. जाऊन बघा!"

शिपायाचं हसू गेलं नाही, फक्त आवाज मऊ झाला. त्यानं हात लांब करून पहिल्या बरणीचं झाकण काढलं, एक लिमलेटची गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "घे. शहाणा आहेस." ती गोळी तोंडात घालून मी घरी गेलो. वाण्याकडे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीची माणसं तांडेलाच्या घरात शिरली. इकडं तिकडं न बघता सरळ कणगीकडे गेली आणि भात अंगणात ओतलं. डबा निघाला, घड्याळं निघाली, कापडाचे तागे निघाले. तांडेलाला अलिबागला नेलं आणि मचवा किनाऱ्यावर ओढून त्याला मोहर लावली. त्या एका मचव्यावर आठ घरं जेवत होती. त्यांत आमचंही होतं.

सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली होती. ती माणसं सरळ कणगीकडे गेली. म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं.

पंच बसले. माणसं संशयानं एकमेकांकडे बघू लागली. माझ्या बापाचं आणि तांडेलाचं महिनाभरापूर्वी जाळ्यावरून वाजलं होतं, तेव्हा बाप चार लोकांत बोलला होता, "तुझा माज उतरवीन." ते आता सगळ्यांना आठवलं. बाप विहिरीवर गेला की बायका बाजूला होऊ लागल्या. ठरलं की मंगळवारी सकाळी देवीला कौल लावायचा.

आदल्या दिवशी दुपारी बाप जेवला नाही. आईला म्हणाला, "माज्यावर पडला तर पोराला घेऊन तू म्हायेरी जा. हितं राहू नको."

"तुमी काय केलंच न्हाय तर पडंल कसा?"

"देवीच्या मनात काय हाय, कुनाला ठाव?"

मी भाताचा घास हातात धरून बसलो होतो. तेव्हा बोलता आलं असतं. बापानं मला मारलं असतं, कदाचित तांडेलाच्या घरच्यांनीही मारलं असतं, आणि ते तिथंच संपलं असतं. मी घास गिळला.

ज्यांनी कौल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरव फुलांच्या कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कुणावर संशय असेल तर एकेकाचं नाव घेऊन विचारतात. नावं घरच्या कर्त्या माणसांची असतात. पोरांची नावं कौलाला लावत नाहीत, हे इतकं ठरलेलं आहे की ते कुणी बोलूनही दाखवत नाही. पंचांनी चार नावं काढली होती. अपराधी त्या चारांतच असणार, यावर देवळातल्या एकाही माणसाला शंका नव्हती. शंका फक्त मला होती आणि मला वाटत होतं की देवी कुठल्याही क्षणी माझं नाव घेईल.

पहिल्या दोन नावांना डावी कळी पडली. तिसरं नाव माझ्या बापाचं. गुरव म्हणाला, "आई, ह्यानं केलं असंल तर उजवा दे, न्हाय तर डावा दे." दोन्ही कळ्या तशाच राहिल्या. बाप हात जोडून उभा होता आणि त्याच्या मानेवरून घाम उतरत होता. उजवी कळी किंचित घसरली. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची बोटं उमटली. मी मनात देवीला म्हणत होतो, आई, दुसऱ्या कुणावर तरी दे. मी केलं, माझ्यावर दे, असं मी म्हटलं नाही. दुसऱ्या कुणावर तरी, असं म्हटलं.

डावी पडली. बाप मटकन खाली बसला.

चौथं नाव वाण्याचं. तो म्हसळ्याकडचा, आमच्या जातीचा नाही, शिपायाची रोजची बैठक त्याच्या बाकावर. गुरवाचा प्रश्न पुरा होतो न होतो तोच उजवी कळी खाली आली. ती नीट चिकटली नव्हती की काय, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही सांगता येणार नाही. देवळात एकदम आवाज उठला. एक पंच ओरडला, "बोल वाण्या! आता बोल!"

वाणी दाराशी उभा होता. त्यानं सगळीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. सगळं त्याच्यासमोरच झालं होतं. त्यानं मला थांबवायलाही पाहिलं होतं. माझ्याकडे एक बोट केलं असतं तर पुरे होतं. मी आईच्या मागं सरलो.

"देवीपुढं मी काय बोलू?" तो म्हणाला आणि बाहेर जाऊन चपला घातल्या.

त्याला वाळीत टाकलं. त्याच्याकडून कुणी काही घ्यायचं नाही, विहिरीवर त्याच्या बायकोला कुणी जागा द्यायची नाही. महिनाभर दुकान रोज उघडत होतं आणि कुणी जात नव्हतं. बरण्यांतल्या गोळ्या खाऱ्या हवेनं एकमेकींना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले. त्याची पाच-सहा वर्षांची मुलगी उंबऱ्यावर एकटी बसलेली असायची. आम्ही पोरं लांबून "चुगलखोर, चुगलखोर" ओरडायचो. तांडेलाच्या मुलानं दुकानावर धोंडे मारायला सुरुवात केली. मी मारले नाहीत तर त्याला कळेल अशी मला भीती होती, म्हणून मीही मारले. माझ्या एका धोंड्यानं बरणी फुटली. ती चिक्कीची होती.

दुकान बंद झाल्यावर, तो जायच्या आदल्या दिवशी, मी खाडीवर खेकडे धरत होतो. तो बांधावरून येत होता. पळायला जागा नव्हती. माझ्याजवळ येऊन तो थांबला. मी रडायला लागलो आणि म्हणालो, "मी सांगतो समद्यांना. आताच जाऊन सांगतो."

त्यानं मागं-पुढं पाहिलं. "गप. आता बोलायचं न्हाई."

"का?"

"देवीनं सांगितलंय मी केलं म्हणून. तू केलं म्हणालास तर देवी खोटी पडंल. देवी खोटी पाडणाऱ्याला हे लोक काय करतील? तुझ्या बापाला गावात ठेवतील व्हय?" मग म्हणाला, "माझं काय, मी परका. मला म्हसळ्याला घर हाय."

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून होडीनं तो दिघीला उतरला आणि तिथून बैलगाडीनं गेला, असं ऐकलं. पोचवायला कुणी गेलं नाही. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. मोठ्या माणसानं बोलू नको म्हणून सांगितलं होतं, ते मी आज्ञेसारखं धरून ठेवलं. बाप जिवंत होता तोवर ते खरंही होतं. बाप जाऊन चाळीस वर्षं झाली. ही चाळीस वर्षं मी कुणाच्या आज्ञेनं गप्प होतो? पुढं शिक्षक झालो. "खरं बोला" असं किती मुलांच्या पाटीवर लिहून दिलं, त्याची गणती नाही.

ती दोन पानं फाडल्यावर मी म्हसळ्याला गेलो. वाणी कधीच वारला होता. त्याची मुलगी भेटली. आता तिचेही केस पांढरे झाले आहेत. तिनं पाणी दिलं, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, धोंड्यासकट. शेवटी ती म्हणाली, "बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. तिकडं धंदा चालला नाही, एवढंच म्हणायचे. आई मात्र त्यांना घालूनपाडून बोलायची. तुम्ही शिपायाशी कशाला सलगी केलीत, कशाला तोंड उघडलंत, म्हणून. तिलाही वाटायचं की त्यांनीच सांगितलं."

मी हात जोडले.

"हात कशाला जोडता? मी काय देवी आहे?" ती म्हणाली. "आई गेली तेच मनात घेऊन. आता माझ्याकडून काय हवंय तुम्हाला? माफ केलं म्हणू?"

"नाही," मी म्हणालो. पण मला तेच हवं होतं आणि ते तिला दिसत होतं.

"मग इथं सांगून काय उपयोग? जिथं त्यांचं नाव घेतात, तिथं जाऊन सांगा."

परत आल्यावर मी आधी तांडेलाच्या मुलाकडे गेलो. आमची मैत्री सत्तर वर्षांची. त्याचा बाप अलिबागेहून सुटून आला तो खंगूनच, आणि मरेपर्यंत वाण्याला शिव्या देत होता. मी ओट्यावर बसून सांगितलं. त्यानं ऐकलं. मग म्हणाला, "माज्या बाच्या तेराव्याला तू माज्या बाजूला बसला व्हतास. तवा वाण्याला पयली शिवी मी दिली आन् दुसरी तू." एवढं बोलून तो उठला, आत गेला आणि दाराला कडी लावली. मी बराच वेळ ओट्यावर बसून होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

स्मरणिकेच्या मुलांना मी सांगितलं की खाऊवरची पानं मिळणार नाहीत, ही मिळतील. त्यांतला एकजण उभ्यानं वाचून म्हणाला, "गुरुजी, हे उत्सवात कसं छापायचं? लोक म्हणतील, कौल खोटा." मी म्हणालो, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. छापलं नाहीत तर मी देवळाच्या पायरीवर उभा राहून वाचेन. त्यानं कागद घडी करून खिशात घातले.