जशीच्या तशी हार्ड डिस्क

मुलांनो, आजोबांनी सांगितलेल्या आठवणी पाठव, असं तुम्ही दोघांनी रविवारी पुन्हा म्हटलंत आणि मी पुन्हा विषय बदलला. तिसऱ्यांदा बदलणं बरं दिसणार नाही, म्हणून काय झालं ते लिहिते.

आजोबांची दृष्टी गेल्यावर ते सांगत आणि मी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करी. खडकवासल्याला धरणावर नोकरी करतानाचे दिवस, तुमच्या बाबांचं लहानपण, सगळं. मधेच थांबून "स्वल्पविराम दिलास का?" हेही विचारत. ज्या मराठी प्रोग्रॅममध्ये हे टाइप केलं, त्याची कंपनी केव्हाच बंद पडली. त्याच्या फ्लॉपीवरून तो एकदाच बसवता येई, आणि ती एक वेळ आमची वापरून झाली होती. त्या प्रोग्रॅमशिवाय फाइल उघडली तर नुसती चिन्हं दिसतात. म्हणून ती हार्ड डिस्क होती तशीच चालणं गरजेचं होतं.

आजोबा गेले, आणि गेल्या वर्षी कॉम्प्युटर दहादा बटण दाबल्यावर एकदा सुरू व्हायला लागला. विश्रांतवाडीच्या मैत्रिणीकडे त्याच काळातला एक धूळ खात होता, तो मी मागून आणला. डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये कशी न्यायची ते वाचून काढलं. आधी जुन्या मशीनवरच, आतल्या भागांची जी यादी विंडोजने करून ठेवलेली असते ती पुसायची, मग बंद करून डिस्क हलवायची. नवं मशीन सगळं पुन्हा ओळखतं. चार-पाच वेळा बंद-सुरू होतं, तेव्हा घाबरायचं नाही. हे सारं इंग्रजीत, क्रमांक घालून टाइप केलं आणि कागद जुन्या कॉम्प्युटरवर चिकटवला. शेवटची ओळ लाल शाईत होती: काहीही झालं तरी विंडोज नव्याने बसवू नये.

स्क्रू काढताना माझे हात थरथरतात. म्हणून दोन्ही मशीन कसबा पेठेत भाऊजींकडे पाठवली. भाऊजी म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, निवृत्त इंजिनिअर.

"कागद वाचलात ना, भाऊजी?" मी फोनवर विचारलं.

"वाचला की. इंग्रजी छान आहे हो तुमचं, वहिनी."

आठवड्याने ते मशीन घेऊन आले. "घ्या. जशीच्या तशी!" पडद्यावर माझे फोल्डर नावानिशी दिसत होते. मी घरच्यांना जेवायला बोलावलं, श्रीखंड केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "भावाचं काम भावानेच करावं." त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली फाइल उघडली. चिन्हं. दुसरी उघडली, तीही तशीच. मराठी प्रोग्रॅम कुठेच नव्हता.

"अहो, ती यादी पुसत कोण बसणार?" भाऊजी फोनवर म्हणाले. "डिस्क तशीच लावली, ती अडकायला लागली. मग केली फॉरमॅट आणि विंडोज नव्याने बसवलं. फायली आधी काढून घेतल्या होत्या की."

"आणि प्रोग्रॅम?"

"तो जुनाट? आता फोनवरसुद्धा मराठी येतं, वहिनी."

"मग जशीच्या तशी का म्हणालात?"

"तुम्हाला कळेल असं वाटलं नाही."

चूक कुणाच्याही हातून होते, मीही पुष्कळ केल्या आहेत. पण ते माझं कौतुक ऐकत जेवले. मला खरं तेव्हाच सांगता आलं असतं, आणि मला ते समजलंही असतं. आजोबांनी या माणसाला बोट धरून शाळेत नेलं होतं. तेही त्या फायलींत होतं. तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. तुम्ही मात्र त्यांना नेहमीसारखा नमस्कार करा.

दोघा-तिघांनी त्या चिन्हांचं मराठी करून पाहिलं. अक्षरं सापडतात, पण शब्द लागत नाहीत.

आजोबांना वाचून दाखवण्यासाठी मी सुरुवातीची अकरा पानं छापली होती, ती कपाटात आहेत. बाकीच्या सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर आहेत. त्या उघडतात, वाचता येत नाहीत.